हात क्रमांक एक

मासे पाळणारा माणूस खरे तर पाणी पाळत असतो, असे निर्मलाबाई हिंगमिरे गेली तीस वर्षे सांगत आल्या होत्या, आणि ज्याने ते एकदा ऐकले त्याला पुन्हाही ऐकावे लागे. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घराच्या दिवाणखान्यात दोनशे लिटरची काचेची टाकी होती. तिच्यात सहा गोल्डफिश होते. दर गुरुवारी सकाळी त्या टाकीतले पन्नास लिटर पाणी काढून तेवढेच नवे घालण्याचा कार्यक्रम पूजेच्या काटेकोरपणाने पार पडे, आणि तो चालू असेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते, त्यांतली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळे पाणी का बदलायचे हे पाहुण्याला चहा मिळण्याआधीच कळे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. टाकीतले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. आणखी काही जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य; पण ते साठत राहते आणि आपण होऊन कुठेही जात नाही. त्याला बाहेर काढण्याचा खात्रीचा मार्ग एकच, बादली.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका गुरुवारी बादली उचलताना कंबरेत अशी चमक भरली, की बाई तीन दिवस अंथरुणाला खिळल्या. ते २०४२ साल होते.

"आई, आता हे मासे कुणाला तरी देऊन टाकू," त्यांचा मुलगा मल्लिनाथ म्हणाला.

"आधी तुला देऊन टाकते. खाण्याचा खर्च तुझा जास्त आहे."

नात ईश्वरी पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीला आली होती. अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष चालू होते आणि घरात आजीशी वाद घालण्याची मुभा असलेली ती एकटीच होती. पलंगाच्या काठावर बसत ती म्हणाली, "आज्जी, पाणी आपोआप बदलणारं यंत्र बसवू या. तयार मिळतं."

"तयार मिळतं ते बिघडलं की दुकानदाराच्या पाया पडावं लागतं. करायचं तर घरी करू. तुझी ती विद्या मलाही एकदा बघू दे."

आणि दोघींनी ते घरीच केले. गच्चीच्या जिन्याखाली शंभर लिटरचा पिंप ठेवला. नळाचे पाणी त्यात मुरायचे आणि क्लोरीन मारायला हायपोचे दोन खडे पडायचे, हे बाईंचे खाते. पिंपातून टाकीत पाणी चढवणारा एक छोटा पंप, टाकीतले पाणी परसातल्या कढीपत्त्याला नेणारा दुसरा, आणि दोघांचे हिशेब जुळवणारी तळहाताएवढी पेटी, हे ईश्वरीचे. पहिल्याच दिवशी वीज गेली, पंप थांबला, पण भरलेल्या नळीतून पाणी आपल्याच ओढीने बाहेर वाहत राहिले. टाकी अर्धी झाली. मासे तळाशी गोळा झाले आणि ईश्वरी रडकुंडीला आली.

"रडतेस काय? नळी वर उचल," बाईंनी फर्मावले. "आता पाणी जिथवर उतरलेलं चालेल, तिथे नळीला एक भोक पाड. पाणी त्या भोकाखाली गेलं की हवा आत शिरेल आणि धार तुटेल. हे तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत?"

"पुस्तकात आहे गं. नळीत नव्हतं."

बाई मनापासून हसल्या. इतके हसणे त्या घराने पुष्कळ दिवसांत ऐकले नव्हते.

यंत्राचा खरा जीव मात्र एका पट्टीत होता. अंगठ्याएवढ्या त्या पट्टीला बाजारात जिव्हापट्टी म्हणत. तिच्यावर सहाशे सूक्ष्म ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यात वेगळे प्रथिन. पाण्यातला एखादा रेणू आपल्या जोडीच्या प्रथिनाला चिकटला, की तिथला विद्युतभार किंचित बदलायचा. सहाशे ठिपक्यांची ती नक्षी वाचून पेटीला पाण्याची चव कळायची. वार न बघता, चव बिघडली तरच आणि बिघडली तेवढेच पाणी बदलायचे. दर पाचव्या दिवशी नळाला पाणी येणाऱ्या गावात ही मोठीच गोष्ट होती.

अडचण निघाली ती निर्मलाबाईंच्या हातामुळे. रोज सकाळी त्या मनगटापर्यंत हात पाण्यात घालून बोटांच्या चिमटीतून माशांना खाणे देत. मासे बोटांना लुचत. पण हाताच्या त्वचेचे तेल पाण्यात उतरले, की पट्टीला ती घाण वाटे आणि यंत्र बारा लिटर चांगले पाणी कढीपत्त्याला देऊन मोकळे होई.

"बारा लिटर! रोज!" बाई संतापल्या. "कोपऱ्यावरची माणसं घागरी घेऊन टँकरची वाट बघतात आणि आपण झाडाला आंघोळ घालतो? त्याला माझा हात ओळखायला शिकव."

"शिकवता येईल. पण मग तुझ्या हातातून काय काय उतरतं ते सगळं ते साठवून ठेवणार, आणि तेवढं वजा करून पाणी तपासणार."

"म्हणजे ब्लँक रीडिंग. आमच्या प्रयोगशाळेत रोज घ्यायचो. त्यात विचारायचं काय?"

पंधरा सकाळी त्यांनी यंत्रासाठी हात पाण्यात धरला. पेटीने तो 'हात क्रमांक एक' म्हणून नोंदवला. ईश्वरीचा झाला 'हात क्रमांक दोन'. नोंदणी कोणाच्या फोनवर करायची, हा प्रश्न आला तेव्हा बाईंनी तो एका वाक्यात मिटवला.

"तुझ्या नावावर कर. मला दर गुरुवारी पाणी ठीक आहे की नाही एवढं सांगायचं. बाकीची कटकट तुझ्याकडे."

यंत्र उत्तम चालले. गुरुवारची बादली गेली आणि तिच्या जागी गुरुवारचा फोन आला. सकाळी बरोबर आठ वाजता बाई पुण्याला फोन लावत.

"पाणी कसं आहे?"

"उत्तम, आज्जी."

दोन शब्दांचा तो अहवाल बाईंना आठवडाभर पुरे. आपण काहीतरी टिकाऊ करून ठेवले आणि ते योग्य हाती सोपवले, असे समाधान त्यांना वाटे.

दुसऱ्या वर्षी घरात बारीकसारीक बदल होऊ लागले. न्हाणीघरात भिंतीला पोलादी कड्या लागल्या; सूनबाई स्नेहल म्हणाली, पाहुण्यांसाठी. चहाचा कप अर्धाच भरून येऊ लागला. विळी माळ्यावर गेली. बाईंनी एकदा विचारले, "घरात लहान मूल येणार आहे का?" आणि स्नेहल खाली मान घालून आत गेली.

मग शाळेचे पत्र आले. निवृत्तीनंतरही दर शनिवारी दहावीच्या मुलींना अनुमापनाचा प्रयोग निर्मलाबाईच दाखवत. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या उभ्या काचनळीतून, आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची. एका थेंबाने द्रावण फिकट गुलाबी होते आणि तिथेच तोटी बंद करायची असते. पुढचा थेंब पडला तर प्रयोग वाया. बाईंचा तो थेंब बावन्न वर्षांत कधी चुकला नव्हता. पत्रात लिहिले होते की सुरक्षेच्या नव्या धोरणानुसार बाहेरच्या व्यक्तींना प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक घेता येणार नाही.

पत्रावर सही मुख्याध्यापिका जयश्री माळगे हिची. ती बाईंचीच विद्यार्थिनी. बाई रिक्षा करून शाळेत गेल्या आणि शिक्षकांच्या खोलीत, बारा शिक्षकांसमोर, उभ्यानेच बोलल्या.

"बाहेरची व्यक्ती! तुला आम्ल आणि अल्कली यांतला फरक ज्या बाहेरच्या व्यक्तीने शिकवला, तिला तू पोस्टाने कळवतेस? समोर येऊन सांगण्याएवढं धैर्य नव्हतं? खुर्ची मिळाली म्हणून कणा मिळतोच असं नाही, हे आज कळलं."

जयश्रीचे डोळे भरले होते. बाईंनी तो अपराधाचा कबुलीजबाब समजला आणि त्या पाठ फिरवून निघून आल्या. त्यानंतर सात महिने त्यांनी त्या रस्त्याने जाणेही टाळले.

एका मंगळवारी दुपारी वादळाने वीज गेली आणि तासाभराने आली, पण इंटरनेट बंदच राहिले. मल्लिनाथ आणि स्नेहल कामावर होते. टाकीशेजारची पेटी एरवी सगळे निरोप ईश्वरीच्या फोनवर धाडायची. आज वाट बंद असल्याने तिने आपल्याच छोट्या पडद्यावर अक्षरे उमटवली. पाण्याचे काही बिनसले असेल म्हणून बाईंनी चष्मा लावला.

'हात क्रमांक एक. मासिक अहवाल तयार आहे. उघडायचा?'

आपल्या हाताचा अहवाल पेटीने कशाला करावा, हे त्यांना कळेना. त्यांनी 'हो'वर बोट ठेवले.

'त्वचेच्या तेलातील एकोणीस खुणांपैकी सतरा कंपवाताच्या पूर्वावस्थेशी जुळतात. मागील महिन्यापेक्षा एकने जास्त. दृश्य लक्षणांना अंदाजे तीन ते पाच वर्षे. मेंदूविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी.'

बाईंनी ते एकदाच वाचले. शास्त्र समजायला त्यांना कोणाची गरज नव्हती. हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्वचेच्या तेलाची घडण बदलते, हे त्यांनी मासिकांतून वाचले होते. पट्टीवरची सहाशे प्रथिने ते तेल रोज चाखत होती; वजा करण्यासाठी जे साठवले होते, तेच कंपनीने पुढे वाचायला घेतले असणार. त्यात त्यांना नवल वाटले नाही. रोग कोणालाही होतो. शहात्तराव्या वर्षी होणार नाही तर कधी होणार?

त्यांचे बोट थांबले ते खालच्या यादीवर. चौदा महिने, चौदा ओळी. प्रत्येक ओळीपुढे दोन नोंदी होत्या: 'पाहिला: ईश्वरी. पुढे पाठवला: मल्लिनाथ.' आणि तळाशी आणखी एक ओळ, तारखेसह. त्या ओळीवर बाई बराच वेळ बोट ठेवून बसल्या.

चौदा महिने म्हणजे साठ गुरुवार. साठ वेळा 'उत्तम, आज्जी.' आणि न्हाणीघरातल्या कड्या, अर्धा कप, शाळेचे पत्र, सगळे याच चौदा महिन्यांतले.

संध्याकाळी मल्लिनाथ बूट काढत असतानाच त्यांनी विचारले, "जयश्रीला भेटायला कोण गेलं होतं? तू की ईश्वरी?"

मल्लिनाथचा एक बूट हातातच राहिला. "आई, तुला कोणी..."

"विचारलंय त्याचं उत्तर."

"मी. उद्या मुलींसमोर हात थरथरला असता, आम्लाची बाटली हातात असती... लोक हसले असते तुला. ते मला बघवलं नसतं."

"म्हणून तिने माझ्या शिव्या खाल्ल्या. आणि तू खाऊ दिल्यास."

"तिला कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. तुला त्रास नको म्हणून गं सगळं. डॉक्टरांशीही बोललो होतो आम्ही."

"माझ्या हाताबद्दल डॉक्टरशी बोललात, आणि हात घरी ठेवून गेलात?"

"मी म्हणत होते, सांगून टाका म्हणून," स्नेहल दारातून हळूच म्हणाली.

"कोणाला म्हणत होतीस? मी तर समोरच बसलेली असायची." बाईंचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच दोघे घाबरले. "ईश्वरीला कळवा. उद्या दुपारपर्यंत मला ती इथे हवी. कारण सांगू नका. तुम्हाला न सांगण्याची सवय आहेच."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास ईश्वरी आली. पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधीच तिला टाकीशेजारच्या खुर्चीत बसलेली आजी आणि उजळलेला पडदा दिसला. ती जागच्या जागी उभी राहिली.

"वाच," बाई म्हणाल्या. "पहिल्या महिन्यापासून. मोठ्याने. आकड्यांसकट."

"आज्जी..."

"तोंडी परीक्षेत 'आज्जी' नसते."

ईश्वरीने वाचले. अकरा खुणा, अकरा, बारा, बारा, तेरा. सातव्या महिन्यापाशी तिचा आवाज फुटला. बाई वाट पाहत राहिल्या. चौदावा आकडा झाल्यावरच त्या बोलल्या.

"हे सुरू कसं झालं?"

"कंपनीचा निरोप आला होता. हातांची जी माहिती साठलीय, तिच्यातून आरोग्याचं वाचन हवं का, म्हणून. नोंदणी माझ्या नावावर, म्हणून मलाच विचारलं. मला वाटलं, साखरबिखर दिसेल. तुझ्या काळजीनंच 'हो' म्हटलं गं. आणि मग पहिलाच अहवाल हा आला. कसं सांगायचं तेच कळेना. बाबा म्हणाले, आत्ता नको. मग पुढचा महिना आला, तेव्हा आधीचा लपवलेला होता. मग त्याच्या पुढचा."

"तुझी चूक मला समजते," बाई म्हणाल्या. "एकोणीस-वीस वर्षांचं पोर घाबरतं. तुझ्या बापाचं तर काळीजच सशाचं आहे. ते मी गिळलं असतं. आता शेवटची ओळ वाच."

ईश्वरीने पडद्याकडे पाहिले.

"वाच."

"'हात क्रमांक दोन. आरोग्यवाचनास परवानगी नाही. निर्णय: ईश्वरी.'"

"तारीख?"

"तीच. त्याच दिवसाची."

"दोन प्रश्न एकापाठोपाठ आले. माझ्या हाताला 'हो', तुझ्या हाताला 'नाही'. का?"

ईश्वरी पुटपुटली, "भीती वाटली. काही निघालं तर? एकदा कळलं की परत न कळल्यासारखं होता येत नाही."

"बरोबर. अगदी बरोबर विचार केलास. आपल्या शरीरातलं काय आपल्याला कळावं आणि काय कळू नये, हे आपणच ठरवायचं असतं, हे तुला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं." बाई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे तुला कळत नव्हतं असं नाही. एवढा मोठा हक्क तुझ्या हातात होता, तो तू स्वतःपुरता वापरलास आणि माझा परस्पर खर्चून टाकलास. मुलगा आईला म्हातारी समजतो, ते जगात सगळीकडे चालतं. तू मला तसं समजत नाहीस, असं मी धरून चालले होते."

ईश्वरी ढसढसा रडू लागली. मग एकाएकी तिने डोळे पुसले, पडद्यासमोर आली आणि तळाच्या ओळीवर बोट नेले. "मी उघडते. माझंही वाचू दे त्याला. तुझ्यासमोर. जे निघेल ते निघेल. मग तर फिटेल ना?"

एक क्षण, फक्त एक क्षण, निर्मलाबाईंना वाटले, उघडू दे. कळू दे हिलाही, कसे वाटते ते. त्यांनी स्वतःला तो क्षण पुरता पाहू दिला आणि मग नातीचे मनगट धरले.

"थांब. मला खूश करायला असलं काही उघडायचं नाही. तुला कधी हवंसं वाटलं तर उघड, नाही वाटलं तर जन्मभर उघडू नकोस. मला कोणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारतेय. आज उघडायचंय?"

ईश्वरीने मान हलवली. नाही.

"मग हात खाली घे."

मनगट धरलेली आजीची बोटे स्थिर होती. ईश्वरीने त्यांच्याकडे पाहिले आणि अगदी लहानपणच्या आवाजात विचारले, "आज्जी, तू मला माफ केलंस?"

"नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. "आता माझी नोंद माझ्या फोनवर घे, तुझ्या बापाचं नाव काढ, आणि जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जा. गुरुवारी माझा फोन येणार नाही. माझ्या पाण्याचं मी बघीन."

शुक्रवारी बाई स्वतः मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाऊन आल्या, एकट्या. तिथून त्या शाळेत गेल्या. जयश्री माळगे खुर्चीतून धडपडत उठली.

"बस," बाई म्हणाल्या. "बारा शिक्षकांसमोर बोलले होते, त्यांना बोलाव. माफीही त्यांच्यासमोरच मागायची आहे."

"बाई, नको हो असं. मीच तुम्हाला सांगायला हवं होतं. पण मल्लिनाथदादांनी..."

"हवं होतं. तोही हिशेब आहेच तुझ्याकडे. पण आधी माझा."

माफी त्यांनी मागितली. लहान, नेमकी, शब्द न गाळता. मग डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. आजमितीस हाताच्या हालचालीत दोष नाही, असे तिच्यावर होते. पुढे काय होणार आहे तेही होते.

"आता धोरण काय ते तू ठरव. पण यावेळी मला विचारून ठरव."

जयश्रीने चिठ्ठी दोनदा वाचली. "आम्लाची बाटली मी उचलेन, बाई. ब्युरेट तुमची."

"मान्य."

शनिवारी प्रयोगशाळेत दहावीच्या चाळीस मुली उभ्या होत्या. बाईंनी पदर खोचला, ब्युरेट सरळ केली आणि तोटीला हात लावण्याआधी सगळे सांगितले: रोगाचे नाव, तो कसा कळला, किती वर्षे आहेत. कोणी लपवले, ते मात्र त्यांनी सांगितले नाही. तो त्यांचा घाव होता, मुलींचा अभ्यास नव्हे. मग त्यांनी थेंब सोडायला सुरुवात केली. शेवटचा थेंब पडला, द्रावण हलकेच गुलाबी झाले, तोटी बंद झाली.

मागच्या रांगेतल्या एका धीट मुलीने विचारले, "बाई, मग तुमचा हात कापायला लागला, की तुम्ही यायचं बंद करणार?"

जयश्री दचकली. निर्मलाबाईंनी मुलीकडे नीट पाहिले. चौदा महिन्यांत त्यांच्या हाताबद्दल त्यांना थेट प्रश्न विचारणारी ही पहिलीच.

"कापेल तेव्हा तुमच्यासमोर कापेल," त्या म्हणाल्या. "आणि थेंब चुकेल तेव्हा तो चुकला असं तुम्ही मला तोंडावर सांगायचं, त्याच क्षणी, माझी दया न करता. एवढं काम तुमच्याकडे. वह्या उघडा. निरीक्षण लिहा: आज हात स्थिर. खाली तारीख घाला."

चाळीस पेनांची खरखर सुरू झाली. बाई शेवटची मुलगी लिहून संपेपर्यंत उभ्या राहिल्या.